मुळा-मुठेच्या काठचे मासे: जुन्या याद्यांशी तुलना नेमकी कशी करायची?

प्रश्न: काठ_नोंद

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग मुळा, मुठा आणि संगमाखालची मुळा-मुठा यांच्या काठच्या उथळ पाण्यातल्या माशांची नोंद सुरू करतो आहे. उथळ म्हणजे घोट्यापासून कमरेपर्यंतचं पाणी. सहा ठिकाणं धरली आहेत: मुठेवर खडकवासल्याच्या खाली आणि विठ्ठलवाडीला, मुळेवर पौडजवळ आणि औंधला, बंडगार्डन बंधाऱ्याच्या खाली एक आणि शेवटचं थेऊरला. किमान पाच वर्षं काम चालवायचं ठरलं आहे.

तुलनेसाठी जुन्या याद्या आहेत. कर्नल साईक्सने १८३०च्या दशकात दख्खनचे मासे नोंदवले, १९४२ साली फ्रेझर यांची पुण्याच्या माशांची यादी आली, १९६३ साली तोनापी आणि मुल्हेरकर यांची, आणि २००३च्या सुमारास पुण्यातल्याच अभ्यासकांनी बदलांचा आढावा घेतला. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कुठलं जाळं आणि ते कसं ओढलं म्हणजे आकडे वर्षानुवर्षं तुलना करण्याजोगे राहतील? जुन्या यादीतली जात आम्हाला मिळाली नाही तर ती गेली असं कधी म्हणता येईल? आणि मैलापाणी, धरणं, चिलापी-गप्पीसारखे बाहेरून आणलेले मासे यांतलं कारण वेगळं कसं काढायचं?

उत्तर: ओढजाळं

जाळ्यापासून सुरुवात करतो, कारण पुढची सगळी गणितं तिथेच बिघडतात.

विद्यार्थ्यांकडून करवून घ्यायचं तर दोघांनी ओढायचं १० मीटर लांब, दीड मीटर उंच जाळं पुरे. आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, ५ मिलिमीटर, गाठ ते गाठ. दुकानात आस ताणून मोजतात, म्हणजे हेच जाळं तिथे १० मिलिमीटरचं ठरतं. अहवालात कुठलं माप आहे ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी वाचणारा दुप्पट आसाचं जाळं विकत आणेल आणि गप्पी, गंबुसिया, माशांची पिल्लं सगळी आसातून निसटतील. बिनगाठीचं कापड मिळालं तर तेच घ्या, गाठीवर खवलं घासून लहान मासे मरतात. मध्यभागी मीटरभर खोल पिशवी शिवून घ्या. वरच्या दोरीला दर ३० सेंटिमीटरवर बूच आणि खालच्या दोरीला शिशाच्या मण्यांऐवजी बारीक साखळी लावा. मणी दगडात अडकतात, साखळी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते.

ओढताना एक जण काठालगत, दुसरा खोल बाजूला. दोन्ही काठ्यांच्या खालच्या टोकांमध्ये ६ मीटरची दोरी बांधून ठेवा, म्हणजे जाळ्याचं तोंड प्रत्येक वेळी तेवढंच उघडं राहतं. काठाला समांतर १५ मीटर जा आणि मग बाहेरच्याने वळून काठाला यायचं. ६ गुणिले १५, म्हणजे एका ओढीत ९० चौरस मीटर. आकडा नेहमी १०० चौरस मीटरमागे किती मासे असा मांडा. एका ठिकाणी, एका भेटीत चार ओढी घ्या, आणि एकीचं गढूळ पाणी दुसरीवर जाणार नाही अशा अंतराने, खालून वर जात.

वेग साधारण तीन सेकंदांत एक मीटर. त्याहून हळू गेलात तर अळकुटसारखे चपळ मासे जाळ्यापुढून पळून जातात. जास्त वेगाने गेलात तर खालची दोरी तळ सोडते आणि खरपा, मुरे, मळ्या हे तळाचे मासे खालून निसटतात. मग तुमच्या तक्त्यात 'तळाचे मासे घटले' असं दिसतं, आणि घटलेली असते ती फक्त ओढणाऱ्याची सबुरी. जाळं कुठे अडकलं, खालची दोरी उचलली गेली, तर ती ओढ रद्द. मिळालेले मासे यादीसाठी लिहा, पण संख्येच्या हिशोबात धरू नका.

आणखी एक: विठ्ठलवाडीच्या खाली सगळीकडे मैलापाणी आहे. चड्डीवर, अनवाणी कोणी उतरायचं नाही. छातीपर्यंतचे रबरी वेडर, लांब हातमोजे, अंगावर जखम असेल त्याने काठावर बसून नोंदी घ्यायच्या. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका पावसाळ्यानंतर खरा असतो. मत्स्यव्यवसाय विभागाची लेखी परवानगी सोबत ठेवा. बारीक आसाचं जाळं दिसलं की काठावरचे लोक त्याला वडाप, म्हणजे पिल्लांसकट सगळं उपसणारं जाळं, समजतात, आणि वडापाने पिल्लं उपसण्याबद्दलचा त्यांचा राग रास्त आहे.

उत्तर: नाव_तपासा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नदीवर जाण्याआधी कपाटात शोधावं लागतं. चार याद्या शेजारी ठेवून नुसती नावं जुळवलीत तर निम्मे 'नाहीसे झालेले' मासे फक्त नाव बदललेले निघतील.

जुन्या यादीतला बार्बस टिक्टो आज पेथिया टिक्टो आहे, बार्बस सराना आज सिस्टोमस सराना. मधल्या काळात दोघंही पुन्टियस होते, आणि २०१२ साली पुन्टियस फोडून नवे गट केले गेले. ऑफिओसेफॅलस म्हणजे आजचा चन्ना, मॅक्रोन्स म्हणजे मिस्टस किंवा स्पेराटा, डिस्कोग्नॅथस म्हणजे गारा. नेमाकायलस एव्हेझार्डी हा पुण्याहूनच वर्णन झालेला मासा आज इंडोरिओनेक्टेस आहे. डोक माशाला कित्येक याद्यांमध्ये चन्ना ओरिएंटॅलिस लिहिलंय. ओरिएंटॅलिस हा श्रीलंकेचा मासा आहे. आपला चन्ना गचुआ. म्हणजे एका यादीत गचुआ, पुढच्यात ओरिएंटॅलिस, आणि तक्ता म्हणतो एक जात गेली, एक नवी आली.

म्हणून पहिला तक्ता असा करा: डाव्या रकान्यात यादीत छापलेलं नाव जसंच्या तसं, मग आजचं मान्य नाव, मग ते कशावरून ठरवलं (नमुना पाहिला, वर्णन वाचलं, की फक्त नाव जुळलं), आणि शेवटी नमुना कुठला. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. मासा नदीतून घेतला, धरणातून घेतला, की मंडईतून? मंडईतला मासा उजनीचाही असू शकतो. शंका असलेल्या जाती दोन्ही बाजूंच्या हिशोबातून बाहेर ठेवा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथले जतन केलेले नमुने प्रत्यक्ष पाहण्यासाठी विभागाकडून रीतसर अर्ज करा.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. जुनी यादी ही कित्येक ठिकाणांची, कित्येक वर्षांची, खोल डोहापासून ओढ्यापर्यंत सगळ्याची बेरीज असते. तुमची नोंद असते काठच्या कमरेभर पाण्याची, एका जाळ्याची. महासीरचं उदाहरण घ्या. साईक्सने टॉर खुद्री पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतूनच वर्णन केला. मोठा महासीर डोहात राहतो, तो १० मीटरच्या ओढजाळ्यात कधीच येणार नव्हता, १८३०मध्येही नाही. तेव्हा तो तुम्हाला न मिळणं हा पुरावाच नव्हे. मळ्या मात्र दगडावरचं शेवाळ खरवडणारा, उथळ वाहत्या पाण्यातला मासा आहे. तो खडकाळ काठावर नीट शोधूनही नसेल तर त्याला अर्थ आहे. यादीतल्या प्रत्येक जातीपुढे 'आमच्या जाळ्यात, आमच्या अधिवासात येण्याजोगी आहे का' याचं हो किंवा नाही लिहा. तुलना फक्त 'हो'वाल्यांची.

मग किती ओढींनंतर 'नाही' म्हणायचं? समजा एखादी जात असताना ती एका ओढीत मिळण्याची शक्यता ०.३ आहे. एका भेटीच्या चार ओढींत ती चारही वेळा हुकण्याची शक्यता ०.७चा चौथा घात, म्हणजे सुमारे २४ टक्के. वर्षाच्या तीन भेटी, बारा ओढी धरल्या तर दीड टक्क्याच्याही खाली. पण दुर्मीळ जातीची शक्यता ०.१ धरली तर बारा ओढींनंतरही ती हुकण्याची शक्यता २८ टक्के उरते, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली आणायला २९ ओढी लागतात. शिवाय एकाच दिवसाच्या चार ओढी एकमेकींपासून खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच धरा. पहिल्या वर्षाच्या अहवालात 'नामशेष' हा शब्द येता कामा नये. 'इतक्या ओढींत आढळली नाही' एवढंच लिहा, आणि ओढींची संख्या छापाच.

उत्तर: पाणथळ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. कारणं वेगळी काढायची तर ठिकाणांची निवड बदलावी लागेल, आणि जाती मोजण्यापेक्षा त्या जगतात कशा याकडे बघावं लागेल.

तुमच्या सहांपैकी प्रत्येक जागा धरणाच्या खाली आहे. मुळशीचं पाणी १९२०च्या दशकापासून वीजनिर्मितीसाठी भिऱ्याकडे, कोकणात उतरवलं जातं. खडकवासल्याचं पाणी कालव्याने जातं, म्हणून उन्हाळ्यात शहरातल्या मुठेत जे वाहतं ते प्रामुख्याने सांडपाणी. तेव्हा पौड म्हणजे धरणाचा परिणाम आहे पण शहराचं मैलापाणी नाही, आणि विठ्ठलवाडी, औंध म्हणजे दोन्ही. जिथे दोन्ही नाहीत अशी जागा यादीत नाही. धरणाच्या फुगवट्याच्या वरचे, बारमाही पाणी टिकवणारे दोन ओढे तरी घ्या. वाटल्यास थेऊर सोडा.

आता मासे. आपले बहुतेक देशी कार्पवर्गीय मासे पावसाळ्यात, पाणी चढलं की वर्षातून एकदा अंडी घालतात. पुरानंतर काठच्या उथळ, गवताळ पाण्यात पिल्लं वाढतात. चिलापीचं उलट. नर काठच्या उथळ गाळात बशीसारखे खड्डे करतो, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, आणि वर्षातून अनेकदा वीण होते. धरणातून पाणी सोडलं काय, अडवलं काय, तिला फारसा फरक पडत नाही. तळात प्राणवायू नसला तरी तोंडातली पिल्लं सुरक्षित असतात. गप्पी आणि गंबुसिया अंडी न घालता थेट पिल्लंच देतात आणि पृष्ठभागालगतच्या थरातला प्राणवायू घेतात. मरळ, डोक हवेतूनच श्वास घेतात. म्हणून मैलापाण्याच्या काठावर हेच उरतात. गंबुसिया १९२८च्या सुमारास भारतात आणला, मोझांबिक चिलापी १९५२ साली, आणि डास नियंत्रणासाठी गप्पी आजही सोडले जातात.

यातून काम सोपं होतं. जातींची नुसती संख्या न मांडता चार गट करा: वाहत्या पाण्यात, दगडावर जगणारे (मळ्या, मुरे); पुराबरोबर विणणारे; हवा घेणारे किंवा पृष्ठभागावर श्वास घेणारे; आणि परके. मैलापाण्याने पहिला गट आधी जातो, कारण दगडावर गाळ बसतो आणि तळात प्राणवायू संपतो. धरणामुळे दुसऱ्या गटाची पिल्लं कमी होतात, मोठे मासे काही वर्षं दिसत राहतात. म्हणून लांबी मोजणं अनिवार्य आहे. प्रत्येक जातीच्या पहिल्या ३० माशांची लांबी मिलिमीटरमध्ये, बाकीचे नुसते मोजा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये २० ते ४० मिलिमीटरची पिल्लं नसतील आणि फक्त मोठे मासे असतील तर जात यादीत आहे, पण काठावर वीण होत नाहीये. यादीला हे कधीच दिसत नाही.

प्राणवायू पहाटे, सूर्य उगवण्याआधी मोजा. हिरव्यागार पाण्यात दुपारचा आकडा भरघोस येतो आणि पहाटे तेच पाणी गुदमरतं. २८ अंशाला पाण्यात मावतोच मुळी लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. दुपारी मीटर १२ दाखवत असेल तर आनंद मानू नका, ते शेवाळाचं काम आहे.

काठाचा प्रकारही प्रत्येक ओढीला लिहा: वाळू, गाळ, दगड, जलपर्णी, की बांधलेली भिंत. काठ बांधला की उथळ पट्टाच जातो आणि पिल्लांना जागा उरत नाही. नदीकाठाची बांधकामं सुरू असताना ही नोंद आज घेतली नाही तर 'आधी काय होतं' हे सांगायला पुढे कोणाकडे काही नसेल. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचं सर्वांत मोठं मोल यातच आहे.

काठ_नोंद

तिघांचेही मनापासून आभार. जागा बदलतो. अजून थोडं विचारतो. दगडाळ काठावर ओढजाळं चालणार नाही, तिथे काय करावं? विजेचा झटका देऊन मासे पकडण्याचं यंत्र वापरावं का? आणि पाण्यातल्या डीएनएवरून जाती ओळखण्याची पद्धत जाळ्याऐवजी चालेल का?

उत्तर: ओढजाळं

दगडाळ जागी खालच्या बाजूला दोन मीटरचं जाळं उभं धरा, वर एक चौरस मीटरमधले दगड हाताने उलटा आणि पायाने एक मिनिट घोळा, मासे प्रवाहाबरोबर जाळ्यात येतात. असे दहा चौरस. ही संख्या ओढजाळ्याच्या संख्येत मिसळायची नाही, वेगळा तक्ता. उलटलेले दगड परत तसेच ठेवा.

विजेचं यंत्र नको. मैलापाण्यात क्षार जास्त, त्यामुळे वीजप्रवाह जास्त लागतो, पाण्यात मुलं उभी, काठावर गुरं. शिवाय विजेने मासे मारणारे आधीच आहेत, त्यात तुमच्या यंत्राला काठावर कोणी वेगळं मानणार नाही.

डीएनए जाळ्याच्या जोडीला घ्या, जाळ्याऐवजी नको. शहराखालच्या मुठेत मंडईचं आणि स्वयंपाकघरांचं पाणी येतं. तिथे रोहू, कटलाच काय, सुरमई आणि बांगड्याचाही डीएनए मिळेल. शिवाय तो वरून वाहत आलेला असतो, त्यामुळे या काठाचा की दोन किलोमीटर वरचा, ते कळत नाही. वरच्या स्वच्छ ओढ्यांवर मात्र दुर्मीळ जाती हेरायला तो उपयोगी पडेल.

उत्तर: दूरचं_पाणी

पाच वर्षांवर थांबू नका, एवढंच सांगायला आलो. अमेरिकेतल्या इलिनॉय नदीवर १९५७पासून कित्येक दशकं ठरलेल्या जागी, जवळपास दरवर्षी उन्हाळा सरताना, काठालगतच्या माशांची नोंद घेतली गेली आहे. तिथे बोटीवरून विजेचंच यंत्र वापरतात, आणि पद्धत कित्येक दशकं तीच ठेवली. १९०० साली शिकागोचं सांडपाणी कालव्याने या नदीकडे वळवलं होतं, आणि नदीच्या वरच्या भागात कॉमन कार्प आणि गोल्डफिश यांसारखे परके, सोशिक मासेच मुबलक झाले. १९७२चा स्वच्छ पाण्याचा कायदा आणि नंतरचं सांडपाणी शुद्धीकरण यांनी चित्र पालटलं: वरच्या भागात कार्प घटत गेला, देशी जाती वाढल्या. पण हे दशकांच्या मापाने दिसतं. पहिल्या पाच वर्षांच्या आकड्यांत पूर आणि दुष्काळाचे चढउतारच दिसले असते.

आणि सुधारणा सुरू असताना २०००नंतर सिल्व्हर कार्प हा परका मासा फोफावला. पाण्यातले सूक्ष्म जीव तो गाळून खातो, आणि तेच अन्न असणाऱ्या देशी माशांची अंगकाठी उतरली. हे कळलं कारण तिथे लांबीबरोबर वजनही घेतलं जात होतं. तुम्हीही ३० पैकी १० माशांचं वजन घ्या. मोठ्या माशांना ०.१ ग्रॅमचा काटा पुरतो.

पद्धत बदलावीच लागली, जाळं फाटलं आणि तसं मिळालं नाही, तर नवं आणि जुनं किमान एक वर्ष प्रत्येक ठिकाणी दोन्ही ओढा. नाहीतर तक्त्यातली उडी नदीची की जाळ्याची हे कधीच उलगडत नाही.

उत्तर: नाव_तपासा

नमुन्यांबद्दल राहिलंच. चिलापीची पिल्लं पाठीवरच्या पराच्या मागच्या भागावरच्या काळ्या ठिपक्यावरून ओळखता येतात. शेपटीवर उभे पट्टे असतील तर नाईल चिलापी. दोन्ही वेगळ्या लिहा, 'चिलापी' एवढंच नको.

प्रत्येक ठिकाणाहून, प्रत्येक जातीचे दोन-तीन नमुने, पहिल्या वर्षीच. लवंगतेलाने गुंगी देऊन, आधी पराचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेल्यावर डीएनए निकामी होतो. मग मासा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये: बाजारच्या तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ. १० सेंटिमीटरच्या वरच्या माशाच्या पोटाला उजव्या बाजूने चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. डावी बाजू अखंड ठेवा, मोजमापं आणि फोटो त्याच बाजूचे घेतात. आठवड्याने दोन दिवस पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी बरणीच्या आत, जाड कागदावर, शिसपेन्सिलने: ठिकाण, तारीख, ओढ क्रमांक. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये वर्षभरात उडते, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल त्याआधीच गळून पडतं.